पेपरच्या घडीतून येणारी वजनाची गोळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराई जवळ आली की सकाळच्या पेपरच्या घडीतून एक रंगीत पत्रक खाली पडते. '१५ दिवसांत १० किलो वजन कमी. पथ्य नाही, व्यायाम नाही. शंभर टक्के आयुर्वेदिक.' खाली फक्त मोबाइल नंबर असतो. कंपनीचे नाव, औषधातल्या घटकांची नावे, परवाना क्रमांक यांतले काहीही नसते. फोन केला की डबी घरपोच येते आणि पैसे रोख घेतले जातात, बिल मिळत नाही. या डबीत काय असू शकते, त्याने शरीरात काय होते आणि ती घेण्याआधी काय तपासावे हे सोलापूरकर वाचकांपुढे ठेवावे, तसेच आपल्यालाही एक विनंती करावी, म्हणून हे पत्र.

आधी त्या '१५ दिवसांत १० किलो'चा हिशेब पाहू. शरीरातली एक किलो चरबी जाळायला साधारण ७,७०० कॅलरी खर्च व्हाव्या लागतात. १० किलोला ७७,०००. पंधरा दिवसांवर भागाकार केला तर रोजची ५,१०० कॅलरींहून जास्त तूट पडायला हवी. घरकाम करणाऱ्या किंवा दिवसभर बसून विड्या वळणाऱ्या बाईचा एकूण रोजचा खर्चच १,८०० ते २,००० कॅलरींचा असतो. म्हणजे तिने पंधरा दिवस अन्नाचा कणही खाल्ला नाही, तरी चरबी जेमतेम चार किलो घटेल. तरीही काहींच्या बाबतीत काटा पहिल्या आठवड्यात चार-पाच किलो खाली येतो, ते खोटे नसते. पण त्यातली चरबी थोडी आणि पाणी जास्त असते. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेसोबत तिच्या तिप्पट पाणी धरलेले असते. खाणे एकदम तोडले की ती साखर वापरली जाते आणि पाणी लघवीवाटे निघून जाते. दोन दिवस नीट जेवले की ते परत येते.

आता डबी. पांढरी प्लास्टिकची, वर हिरव्या पानाचे चित्र, आत ३० किंवा ६० कॅप्सूल. कॅप्सूल उघडली तर पिवळसर किंवा तपकिरी भुकटी निघते, वास एखाद्या काढ्यासारखा. घेणाऱ्याची खात्री पटते की हा झाडपाला आहे. बहुतांशी तो झाडपाला असतोही. पण ४००-५०० मिलिग्रॅम भुकटीत १०-१५ मिलिग्रॅम रासायनिक औषध मिसळले, तर ते डोळ्याला दिसत नाही आणि चवीलाही कळत नाही. १५ मिलिग्रॅम म्हणजे साखरेचे मोजके दाणे. ते सापडते फक्त प्रयोगशाळेत.

जगभर अशा भुकट्यांत सर्वाधिक वेळा सापडलेले औषध म्हणजे सिब्युट्रामिन. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या दहा वर्षांत भेसळीबद्दल जाहीर केलेल्या ७७६ पूरक उत्पादनांपैकी सुमारे ४१ टक्के वजन घटवण्याची होती आणि त्यांतल्या बहुतेकांत सिब्युट्रामिन निघाले. हे औषध पूर्वी जगभर, आपल्याकडेही, रीतसर विकले जात होते. ते मेंदूत भूक शमल्याची जाणीव वाढवते, पण त्याच क्रियेने नाडीचा वेग आणि रक्तदाबही वाढवते. सुमारे दहा हजार रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे प्रमाण औषध नसलेल्या दिखाऊ गोळीवरच्या गटात शंभरात १०, तर सिब्युट्रामिनवरच्या गटात ११.४ आढळले. हे रुग्ण ५५ वर्षांवरचे होते आणि त्यांना आधीपासून हृदयविकार किंवा मधुमेह होता. म्हणजे वजनाची गोळी ज्यांच्या हातात हमखास पडते, तेच लोक. त्यानंतर २०१० मध्ये युरोप आणि अमेरिकेत हे औषध बाजारातून गेले आणि फेब्रुवारी २०११ मध्ये भारत सरकारने त्यावर बंदी घातली. आज आपल्या देशात सिब्युट्रामिन कुठल्याही मेडिकलमध्ये कायदेशीरपणे मिळू शकत नाही. म्हणून ते 'हर्बल'च्या डबीत शिरते.

ते शिरले आहे की नाही हे घरी ठरवता येत नाही, पण संशय घ्यायच्या खुणा आहेत. कॅप्सूल सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांतच भूक मेल्यासारखी होणे, तोंडाला कोरड, रात्री डोळ्याला डोळा न लागणे, बद्धकोष्ठ, डोके ठणकणे, बसल्या जागी छातीत धडधड. झाडपाल्याचा गुण इतक्या झटपट आणि इतका ठरीव दिसत नाही. अशा वेळी रक्तदाब मोजून घ्यावा. एरवी १२०-८० असणारा १५०-९५ दाखवत असेल, तर ती डबी त्याच दिवशी बंद करावी. नैराश्यावरच्या गोळ्या घेणाऱ्यांना धोका आणखी जास्त, कारण दोन्ही औषधे मेंदूतले सेरोटोनिन हे रसायन वाढवतात. अंग थरथरणे, ताप, घाम, भ्रम असे सगळे एकदम सुरू झाले, तर ती तातडीची वेळ समजावी. सर्दी-पडशाच्या काही गोळ्यांतही रक्तदाब वाढवणारे औषध असते, त्याची भर पडली की आणखी वाढ.

वजनाच्या औषधांत सिब्युट्रामिन हा काही एकमेव अनुभव नव्हे. फेनफ्लुरामिन १९९७ मध्ये हृदयाच्या झडपा बिघडवते म्हणून अमेरिकेत मागे घेतले गेले. रिमोनाबंटने नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वाढतात असे दिसल्यावर २००८ मध्ये युरोपात त्याची विक्री थांबली आणि डिसेंबर २००९ मध्ये भारतात बंदी आली. कर्करोगाच्या शंकेने लॉर्कासेरिन २०२० मध्ये गेले. यांतले प्रत्येक औषध परवानगी घेऊन, चाचण्या पार करून बाजारात आले होते. तरी दोष पुढे निघाला. मग ज्या भुकटीची कुणी कधी चाचणीच केली नाही, तिच्याबद्दल 'साइड इफेक्ट नाही' हे वाक्य कशाच्या आधारावर छापले जाते?

सोलापुरात याला आणखी एक पदर आहे आणि त्यावर जरा सविस्तर लिहायला हवे. पूर्व भागात हजारो बायका रोज आठ-दहा तास मांडी घालून विड्या वळतात. गारमेंटच्या शिलाईवर बसणाऱ्यांचीही तीच गत. गुडघे, कंबर, मान धरते. मग कुणीतरी सांधेदुखीची पुडी आणून देते आणि चार दिवसांत दुखणे पळते. अशा बिननावाच्या पुड्यांत डेक्सामेथासोनसारखे स्टिरॉइड मिसळलेले असल्याची प्रकरणे आपल्या देशात वारंवार उघड झाली आहेत. स्टिरॉइडने भूक वाढते, अंगात पाणी धरते, रक्तातली साखर चढते, चेहरा गोल होतो, पोट सुटते पण हातपाय बारीक राहतात. आता या वाढलेल्या वजनासाठी दुसरी पुडी सुरू होते. एक पुडी रक्तदाब आणि साखर वाढवते, दुसरी नाडी पळवते आणि दोन्ही एकाच बाईच्या पोटात जातात. इथे एक गोष्ट फार जपून सांगायची आहे. वजनाची भुकटी एकदम बंद केली तर चालते. सांधेदुखीची पुडी मात्र काही आठवडे किंवा महिने सलग घेतली असेल, तर ती स्वतःच्या मनाने एकदम तोडू नये. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिले की शरीर स्वतःचे बनवणे थांबवते. अचानक तुटले तर रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, माणूस बेशुद्ध पडू शकतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावे, ते मात्रा उतरवत आणतात.

दुसरा प्रकार डबीचा नाही, ओळखीच्या औषधांच्या गैरवापराचा आहे. जिममध्ये, पार्लरमध्ये, नात्यातल्या कुणाच्या सांगण्यावरून चालतो तो.

थायरॉइडची गोळी, म्हणजे थायरॉक्सिन. थायरॉइड कमी असणाऱ्याला ती जीवनावश्यक आहे. पण ज्याची ग्रंथी नीट काम करते, त्याने ती वजनासाठी घेतली तर शरीराची भट्टी जबरदस्तीने भडकते. चरबीच्या आधी स्नायू झिजतात, हाडांतले कॅल्शियम कमी होते आणि हृदयाचे ठोके अनियमित पडू लागतात. वजनासाठी ही गोळी वापरू नये, असा ठळक इशारा खुद्द औषधाच्या माहितीपत्रकात असतो. शिवाय गोळी बंद केल्यावर धडधड लगेच थांबत नाही. शरीरातले थायरॉक्सिन निम्म्यावर यायला सुमारे सात दिवस लागतात, म्हणून त्रास तीन-चार आठवडे रेंगाळतो.

लघवीची गोळी, म्हणजे फ्रुसेमाइड वगैरे. एक लिटर पाणी म्हणजे बरोबर एक किलो. त्यामुळे काट्यावर एका दिवसात दीड-दोन किलो सहज कमी दिसतात आणि घेणारा खूश होतो. चरबी एक ग्रॅमही गेलेली नसते. गेलेले असते पाणी, मीठ आणि पोटॅशियम. रक्तातले पोटॅशियम ३.५ ते ५ च्या दरम्यान असावे लागते. ते घसरले की आधी पोटऱ्यांत गोळे येतात, मग अशक्तपणा, मग हृदयाचे ठोके चुकतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर असतो. यंत्रमागाच्या शेडमध्ये किंवा पत्र्याच्या घरात घामाने आधीच मीठ-पाणी जात असते. त्यात ही गोळी म्हणजे उष्माघाताला आणि मूत्रपिंडाच्या इजेला दार उघडून देणे आहे.

जुलाबाची औषधे, सोनामुखी घातलेले 'स्लिम' चहा. अन्नातल्या कॅलरी लहान आतड्यात शोषल्या जातात आणि ही औषधे काम करतात ती मोठ्या आतड्यात, शोषण उरकून गेल्यानंतर. पोट हलके वाटते, पण खाल्लेले सगळे अंगी लागलेलेच असते. महिनोन्महिने घेतल्यास आतडे औषधाशिवाय हलेनासे होते.

डीएनपी या पिवळ्या भुकटीचे नाव व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी लक्षात ठेवावे. पूर्ण नाव डायनायट्रोफिनॉल. मूळचे स्फोटकांच्या कारखान्यातले रसायन. १९३० च्या दशकात अमेरिकेत ते वजनासाठी दिले गेले, लोकांना मोतीबिंदू झाले, काही दगावले आणि १९३८ मध्ये ते माणसांसाठी बंद झाले. इंटरनेटवर ते अजूनही 'फॅट बर्नर' म्हणून विकले जाते. पेशींनी ऊर्जा साठवण्याऐवजी ती नुसती उष्णता म्हणून बाहेर टाकावी, असे ते करते. त्यामुळे ताप चढत जातो, पॅरासिटामॉलने उतरत नाही आणि यावर उतारा नाही. थोड्या जास्त मात्रेने धडधाकट तरुण काही तासांत मरू शकतो. खोलीत ही भुकटी सापडली आणि मुलाला घाम, दम, वाढता ताप असेल, तर वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा आणि भुकटीची पुडी सोबत न्यावी.

'नैसर्गिक' अर्कांबद्दल थोडक्यात. ग्रीन टीचा कप वेगळा आणि ग्रीन टीच्या अर्काची कॅप्सूल वेगळी. त्यातला ईजीसीजी हा घटक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेल्यास यकृताला सूज येण्याची चिन्हे दिसतात, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितले. गार्सिनिया आपल्या कोकमाचाच भाऊबंद, पण सोलकढीतले आमसूल आणि दाट अर्काच्या कॅप्सूल यांची बरोबरी करता येत नाही. या अर्काने काहींना कावीळ झाल्याची नोंद आहे. मेदोहर गुग्गुळ हे वजनावरचे आयुर्वेदिक औषध वैद्याने नाडी पाहून, मात्रा ठरवून दिले तर ती उपचाराची गोष्ट झाली. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचा असर गुग्गुळाने कमी होतो, तेव्हा चालू असलेली औषधे वैद्यांनाही दाखवावीत.

वजनासाठी मान्यता असलेली औषधे मुळीच नाहीत असे नाही. ती आहेत, उपयोगी आहेत आणि योग्य माणसाला ती नाकारणेही चूक. सर्वसाधारण नियम असा की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३० च्या वर असेल, किंवा २७ च्या वर असून सोबत मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणे असे काही असेल, तर आहार-व्यायामाच्या जोडीला औषधाचा विचार होतो. बीएमआय काढणे सोपे आहे : किलोमधले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. उंची १.५५ मीटर, म्हणजे पाच फूट एक इंच, आणि वजन ६२ किलो असेल तर २५.८. लग्नात साडी चांगली दिसावी म्हणून या वजनाला गोळी घेण्याचे कारण नाही. आपल्या लोकांत २३ च्या पुढेच मधुमेहाचा धोका वाढू लागतो हे खरे, पण त्यावरचा पहिला इलाज ताटात आहे.

ताटाचा हिशेबही मांडून पाहावा. आठवड्याला अर्धा किलो चरबी कमी व्हायला रोज साधारण ५०० कॅलरींची तूट लागते. दिवसात चार चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, ती एकावर आणली की ८० वाचतात. माणशी दोन चमचे तेल कमी केले की ९०. संध्याकाळचा वाटीभर फरसाण किंवा शेव, ५० ग्रॅम धरले तर जवळपास २५०-२८०. शेंगाची चटणी आपला जीव की प्राण, पण २५ ग्रॅम शेंगदाण्यात १४० कॅलरी असतात. चटणी सोडू नये, निम्मी घ्यावी, ७० वाचतात. झाले पाचशेच्या घरात. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, डाळ यांना हातही लावायची गरज नाही.

मेडिकलमध्ये चिठ्ठीवर मिळणारी जुनी गोळी म्हणजे ऑर्लिस्टॅट. ती मेंदूवर काम करत नाही. आतड्यात चरबी पचवणारा पाचकरस अडवते, त्यामुळे जेवणातली साधारण ३० टक्के चरबी न पचता बाहेर पडते. नेहमीची मात्रा १२० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, जेवताना किंवा जेवणानंतर तासाभरात. जेवण चुकले किंवा जेवणात तेल-तूप जवळपास नव्हतेच, तर त्या वेळची गोळी घ्यायची नाही. लोक काय करतात? गोळी आहे म्हणून भजी खातात. न पचलेले तेल मग खालून निघते. कपड्यांवर तेलकट डाग, एकदम लागणारी घाई, वायूसोबत थेंब. हा गोळीचा बिघाड नाही, गोळी हेच करते. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे चरबीसोबतच शोषली जातात, म्हणून मल्टिव्हिटॅमिनची गोळी रात्री झोपताना, ऑर्लिस्टॅटपासून किमान दोन तासांच्या अंतराने घ्यावी. थायरॉइडची गोळी चालू असेल तर चार तासांचे अंतर ठेवावे. रक्त पातळ करणारे वॉरफरिन चालू असेल, किंवा मुतखड्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना सांगावे. आणि अपेक्षा माफक ठेवावी. वर्षभरात नुसत्या पथ्यापेक्षा सरासरी तीन किलो जास्त, एवढाच तिचा वाटा. बारा आठवड्यांत वजन पाच टक्केही घटले नाही, तर ती पुढे चालू ठेवण्यात अर्थ नसतो.

नवी इंजेक्शने मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइडच्या आणि जूनमध्ये सेमाग्लुटाइडच्या रूपाने भारतात वजनासाठी आली. त्यांचा गुण मोठा आहे. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन घटले. म्हणूनच त्यांचा गैरवापरही वाढणार. मात्रा पायरीपायरीने चढवतात : सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदा ०.२५ मिलिग्रॅमने चार आठवडे, मग ०.५, मग पुढे. 'लवकर गुण यावा' म्हणून एकदम वरच्या मात्रेवर उडी घेतली की उलट्या, जुलाब, पाणी कमी होऊन मूत्रपिंडाला धक्का. पोटात वरच्या बाजूला सुरू होऊन पाठीत जाणारी, न थांबणारी कळ म्हणजे स्वादुपिंडाची सूज असू शकते. वजन झपाट्याने उतरले की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, मग ते औषधाने उतरो की उपासाने. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झालेला असेल, तर हे औषध घ्यायचेच नाही. मूल हवे असणाऱ्यांनी सेमाग्लुटाइड दोन महिने आधी थांबवावे लागते. टिर्झेपटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होतो, म्हणून सुरुवातीला आणि दर वेळी मात्रा वाढवल्यावर चार आठवडे दुसरे साधनही वापरावे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी घेणाऱ्यांची साखर एकदम उतरू शकते. आणि बंद केल्यावर काय? चाचणीतल्या लोकांचे घटलेले वजन वर्षभरात दोन तृतीयांश परत आले. लग्नापुरते दोन महिने घ्यायचे हे औषध नाही.

ही इंजेक्शने भरलेल्या पेनमधून टोचतात आणि त्या पेनचे साठवणे हा सोलापूरसाठी नाजूक मुद्दा आहे. न वापरलेले पेन २ ते ८ अंशांत, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवायचे, फ्रीजरमध्ये नाही. एकदा गोठलेले पेन टाकून द्यावे. वापरात असलेले पेन काही दिवस बाहेर चालते, पण ३० अंशांच्या आत. आपल्याकडे उन्हाळ्यात घरातली खोलीच त्यापेक्षा तापलेली असते, म्हणून तेही फ्रिजमध्येच बरे. सुट्या बाटलीतून इन्सुलिनच्या सिरिंजने टोचून देण्याचा प्रकार तर कुणीच स्वीकारू नये. सिरिंजवर खुणा युनिटच्या, औषध मिलिग्रॅममध्ये. या घोळात ठरलेल्या मात्रेच्या ५ ते २० पट औषध गेल्याच्या घटना अमेरिकेत नोंदल्या गेल्या आहेत.

काहीही गिळण्याआधी पाकीट उलटे करून पाहावे. औषध असेल तर स्ट्रिपवर औषधाचे मूळ नाव, मिलिग्रॅम, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, उत्पादकाचा पूर्ण पत्ता आणि उत्पादन परवाना क्रमांक असलाच पाहिजे. डाव्या बाजूला उभी लाल रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचे नाही. आयुर्वेदिक म्हणवणाऱ्या उत्पादनावर 'आयुर्वेदिक औषध' हे शब्द, परवाना क्रमांक आणि घटकांची प्रमाणासह यादी हवी. पूरक आहार असेल तर १४ अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) क्रमांक आणि 'औषधी वापरासाठी नाही' हा मजकूर हवा. हा १४ अंकी क्रमांक म्हणजे अन्न बनवण्या-विकण्याचा परवाना आहे, वजन उतरते याचा दाखला नाही. स्ट्रिपवरचे मूळ नाव वाचता आले नाही तर मेडिकलमधल्या फार्मासिस्टला विचारावे, ते सांगणे त्याचे कामच आहे. आणि बिल घ्यावे. पुढे काही झाले तर बिलाशिवाय तक्रारीला पाय नसतात.

आधीच घेत असाल तर? डबी फेकू नका. उरलेल्या कॅप्सूल, पत्रक, कुरिअरचे पाकीट, पैसे पाठवल्याचा मेसेज जपून ठेवा आणि डबीसह डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब, ईसीजी, एसजीपीटी (यकृतासाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), सोडियम-पोटॅशियम आणि टीएसएच (थायरॉइडसाठी) एवढ्यात बरेच कळते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर टीएसएचच्या दोन दिवस आधी थांबवाव्यात, नाहीतर रिपोर्ट चुकतो. छातीत दुखणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, डोळे पिवळे आणि लघवी गडद होणे, झटके, शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता सिव्हिल हॉस्पिटल किंवा जवळचे रुग्णालय गाठावे. मुलीच्या सासरी कळेल म्हणून गोळी लपवली जाते आणि डॉक्टर भलताच आजार शोधत बसतात. घरच्यांनी ओरडण्याआधी डबी मागावी.

औषधाने त्रास झाल्याची नोंद कुणीही करू शकतो. त्यासाठी राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. बेकायदा विक्रीची तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १८००-२२२-३६५ वर करता येते. शिवाय औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २६ नुसार विकत घेतलेले औषध ठरलेले शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क सामान्य ग्राहकालाही आहे. हा हक्क वापरणारे फार थोडे. इथल्या ग्राहक संघटनांनी अशी पाच-सहा पाकिटे विकत घेऊन तपासायला दिली तर शहराचे मोठे काम होईल.

आता आपल्याला विनंती. औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा असून १९५५ पासून लागू आहे. ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करता येत नाही त्यांच्या यादीत लठ्ठपणा आहे. या कायद्यात 'जाहिराती'त पत्रक, परिपत्रक, वेष्टन, लेबल सगळे येते आणि अशी जाहिरात प्रसिद्ध करण्यात कोणत्याही प्रकारे भाग घेणाऱ्याला तो लागू होतो. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत, पुन्हा केल्यास वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. पेपरमध्ये घातली जाणारी पत्रके छापखाना, वितरक आणि पेपर टाकणारी मुले यांच्या हातून जातात, संपादकांच्या टेबलावर येत नाहीत, हे मान्य. पण वाचकाच्या मनात ती आपल्याच पेपरबरोबर आलेली असतात आणि पेपरवरचा विश्वास त्या डबीलाही लागतो. म्हणून आपल्या वितरकांना एक लेखी सूचना द्यावी : वजन, मधुमेह, सांधेदुखी यांवर खात्रीचा इलाज सांगणारे पत्रक पेपरच्या घडीत घालायचे नाही, आणि असे पत्रक टाकायला कुणी आणून दिले तर त्याची एक प्रत अन्न व औषध प्रशासनाच्या सोलापूर कार्यालयाला पाठवायची. पानांवरच्या छोट्या जाहिरातींनाही तीच चाळणी लावावी. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रांनी पाकीट कसे वाचावे याचा एक कागद मराठीसोबत तेलुगू, कन्नड आणि उर्दूत छापला, तर आपण तो जागा देऊन प्रसिद्ध करावा. विडी कारखान्यांत पान-तंबाखू वाटपाच्या वेळी तो हातोहात देता येईल.

कळावे,

आपला विश्वासू,
एक फार्मासिस्ट, जुळे सोलापूर